माध्यमिक शाळेतील संगीत : प्रस्तावना

माध्यमिक शाळेतल्या संगीताची दोन रूपे महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीची आहेत. पहिले परिपाठातले: राष्ट्रगीत, प्रार्थना, २०२३ पासून राज्यगीत, आणि पेटी वाजवणारे कोणी शिक्षक शाळेत असतील तर एखादे समूहगीत. दुसरे स्नेहसंमेलनातले. त्याची तालीम दिवाळीनंतर सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी ती तयार ध्वनिमुद्रणावर नाच बसवण्यापुरती असते. कलाशिक्षणाची तासिका वेळापत्रकात असते, पण परीक्षा जवळ आली की ती गणिताकडे जाते, आणि त्याबद्दल पालकही तक्रार करत नाहीत. त्यामुळे आठवी ते दहावी या तीन वर्षांत विद्यार्थ्याने संगीतातले नेमके काय शिकावे, हा प्रश्न अनेक शाळांपुढे येतच नाही. प्रस्तुत पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिलेले आहे.

प्रश्नाची हद्द आधी आखून घेतलेली बरी. ज्यांना गवई, तबलजी किंवा सतारिये व्हायचे आहे त्यांच्यासाठी गुरू आहेत, क्लास आहेत, परीक्षा आहेत. शाळेच्या वर्गात मात्र सगळेच बसलेले असतात: क्लासला जाणारे दोघे-तिघे, सुराची उपजत जाण असलेले काही, ‘मला गाता येत नाही’ असे पाचवीतच ठरवून बसलेले बरेच, आणि कानात इअरफोन घालून गाणी ऐकणारे जवळजवळ सगळे. यातल्या प्रत्येकाला काय मिळावे, हे अभ्यासक्रमाला ठरवायचे असते. या चर्चेत ‘तानसेन घडले नाहीत तरी कानसेन घडावेत’ हे वाक्य हमखास येते. ऐकायला ते छान वाटते, पण गळा आणि हात न चालवता नुसता कान तयार होतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. ज्याने स्वतः कधी मात्रा मोजल्या नाहीत त्याला सम कळते ती शेजाऱ्याची मान हलल्यावर. या पुस्तकाचा पक्ष असा, की माध्यमिक शाळेत प्रत्येकाने थोडे गावे, थोडे वाजवावे आणि थोडे स्वतः रचावे. ऐकण्याची समज त्यातूनच येते. आणि या सगळ्याची सामग्री आधी स्वतःच्या परिसरातून घ्यावी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत संगीत ही वर्गात बसून शिकण्याची गोष्ट नव्हती. विद्या घराण्यात होती. गुरूच्या घरी राहून, त्याची सेवा करून, त्याच्या मर्जीने ती मिळे. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला, १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात मौलाबक्षांची संगीतशाळा सुरू झाली. खरा पालट झाला तो लाहोरात. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी तिथे गांधर्व महाविद्यालय काढले. ते राजाश्रयावर चालणारे नव्हते. लोकांची वर्गणी आणि विद्यार्थ्यांची फी यांवर ते उभे राहिले, आणि तिथे वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके व परीक्षा अशी शाळेची सगळी व्यवस्था होती. १९०८ मध्ये पलुस्करांनी मुंबईत विद्यालय सुरू केले. त्यांचे ‘संगीत बालप्रकाश’ नावाप्रमाणेच नवशिक्यांसाठी होते. त्यांचे शिष्य देशभर पांगले. त्यांतले नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गेले, तिथल्या प्रार्थनेचे गायन त्यांनी बसवले आणि ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. आजच्या परिपाठातल्या प्रार्थनेचे वळण त्या आश्रमी गायनाशी बरेच जुळते.

१९३१ मध्ये पलुस्करांचे निधन झाले. त्यानंतर शिष्यांनी स्थापलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची शिडी उभी केली. मंडळाची मोठी वास्तू वाशीत आहे, आणि क्लासला जाणाऱ्या मुलांचे वर्ष या परीक्षांच्या तारखांभोवती फिरते.

पलुस्करांच्याच काळात मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे वेगळ्या वाटेने निघाले होते. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ सहा भागांत मराठीत आणली. १९१६ ची बडोद्याची अखिल भारतीय संगीत परिषद आणि १९२६ मध्ये लखनौला निघालेले मॅरिस कॉलेज ही त्यांच्याच खटपटीची फळे. दोन्ही विष्णूंनी आपापली स्वरलेखनपद्धती केली आणि त्या दोन पद्धती आजही जुळत नाहीत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू दिला की तो तार सप्तकातला होतो. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तकाची खूण आहे. क्लासमध्ये एक पद्धत आणि शाळेच्या पुस्तकात दुसरी अशी वेळ आली, की मूल कागद पाहून थेट दोन सप्तकांनी चुकते, आणि शिक्षक ती चूक मुलाच्या कानावर ढकलतात.

या सुधारणेने संगीताला प्रतिष्ठा दिली, मात्र तिची किंमतही होती. बंदिशींतले शृंगारिक शब्द बदलून भक्तीचे शब्द आले. गोमंतकातल्या कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांची गायकी मैफलीत शिखराला पोहोचली, पण ती विद्या कोणत्या समाजातून आणि कोणत्या हालअपेष्टांतून आली, हे शाळेच्या पुस्तकात आले नाही. फुल्यांच्या चळवळीतून निघालेले सत्यशोधकी जलसे, पुढचे आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी, वामनदादा कर्डकांची गाणी, हे सगळे वर्गाबाहेर राहिले. शालेय संगीत म्हणजे प्रार्थना, देशभक्तिपर समूहगीत आणि जमल्यास एखादा छोटा ख्याल, हे समीकरण तेव्हा जे बसले ते अजून फारसे हललेले नाही.

जगात इतरत्र हाच प्रश्न वेगवेगळ्या अंगांनी सोडवला गेला. स्वित्झर्लंडच्या एमिल जाक-दालक्रोझ यांनी लय आधी अंगात उतरवली. त्यांच्या वर्गातली मुले चालत, थांबत, वळत ताल शिकतात. जर्मनीच्या कार्ल ऑर्फ यांनी मुलांच्या हाती सोपी ठोकवाद्ये देऊन त्यांना तिथल्या तिथे काहीतरी रचायला लावले. हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांचा भर गळ्यावर आणि गावच्या गाण्यावर होता. मुलाची पहिली सांगीतिक भाषा त्याच्या मातीतली लोकगीते असावी, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या पद्धतीतला ‘डो’ आपल्या ‘सा’सारखाच कुठल्याही पट्टीवर धरता येतो, त्यामुळे ती भारतीय शिक्षकाला सर्वांत जवळची वाटते. इंग्लंडमध्ये १९७० च्या सुमारास जॉन पेंटर आदींनी मांडले, की चित्रकलेच्या तासाला मूल चित्र काढते तसे संगीताच्या तासाला त्याने संगीत रचावे. तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पुढे वादन-गायन, रचना आणि श्रवण या तिन्हींना जागा मिळाली. आपल्याकडे यांतली रचनेची बाजू जवळजवळ रिकामी आहे. रागसंगीताचा कणाच उत्स्फूर्त विस्ताराचा, आणि शाळेत मात्र विद्यार्थी पाठ केलेल्या आलाप-तानांवर परीक्षा देतो, ही विसंगती डोळ्यांवर येण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात या विचाराला सर्वांत भक्कम चौकट अशोक दा. रानडे यांनी दिली. भारतीय संगीत म्हणजे केवळ रागसंगीत, ही समजूत मोडून त्यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मांडल्या. प्रत्येक कोटीचे हेतू वेगळे, वाद्ये वेगळी, चांगल्या-वाईटाचे निकषही वेगळे. ही मांडणी शाळेच्या फार कामाची आहे. पोवाड्यात ख्यालाची मींड शोधू नये आणि ख्यालात पोवाड्याचा आवेश मागू नये, हे तेराव्या वर्षी कळले तर पुढचे पुष्कळ वाद टळतात.

आजच हा विषय निकडीचा होण्याला कारणे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यावर आधारलेला २०२३ चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचे स्थान देतात. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी ‘कृती’ हे कलांचे पाठ्यपुस्तक काढले. राज्यात नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हा श्रेणीविषय आला. कागदावर चित्र चांगले आहे, शिक्षकांचे काय हा प्रश्न मात्र जुनाच. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर पट असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे म्हणतो. नववी-दहावी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर पडते, म्हणजे जिथे विषय गंभीरपणे सुरू व्हायचा तिथेच माणूस नाही.

पनवेल तालुका या पुस्तकाने उदाहरण म्हणून घेतला आहे, आणि तो सोयीचा म्हणून घेतलेला नाही. जुन्या गावात भजनी मंडळे आणि नाट्यसंगीताचे दर्दी आहेत. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत लग्नाचे धवळे, कोळीगीते, गौरीची गाणी. कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या डोंगरपायथ्याशी ठाकूर-कातकरी वाड्या. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहतींत देशभरातून आलेली कुटुंबे. एकाच बाकावर एक मूल घरी कर्नाटक संगीताची वर्णम् ऐकणारे, दुसरे काकाच्या बेंजो पार्टीत ताशा वाजवणारे. नवी मुंबई विमानतळाचे २०२५ मध्ये उद्घाटन झाले. त्यासाठी दहा गावे उठली, आणि गाव उठले की अंगणात, मांडवात, वेशीवर म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांचे ठिकाणही उठते.

धवळ्यांचे उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा तेराव्या शतकात धवळे रचून गेली, हे विद्यार्थ्याला साहित्याच्या इतिहासात भेटते. आगरी लग्नात हळदीला आणि मांडवात धवळे म्हणणारी धवलारीण त्याच विद्यार्थ्याच्या गल्लीत राहत असते. या दोन गोष्टी जोडून देणारी तासिका आज कुठल्याच विषयात नाही. पुस्तकातला पाठ असा आहे: चार-पाच विद्यार्थ्यांनी धवलारिणीकडे जायचे, तिच्या परवानगीने एक धवळा ध्वनिमुद्रित करायचा आणि वर्गात बसून काही प्रश्नांची उत्तरे शोधायची. चाल किती स्वरांत फिरते? तिला ठरावीक मात्रांचा ताल आहे की ती शब्दांच्या ओघाने जाते? कोण उचलते आणि कोण मागे म्हणते? कोणत्या विधीला कोणता धवळा, आणि दुसऱ्या वेळी तो म्हटला तर चालतो का? ती कोणाकडून शिकली, आणि आता तिच्याकडून कोण शिकते आहे? या पाठात स्वरज्ञान, तालज्ञान, समाजशास्त्र आणि मराठी एकत्र येतात. गाणारीही ‘जुनी बाई’ न राहता त्या दिवसापुरती शिक्षिका होते.

माध्यमिक वयाची खास अडचण गळ्याची. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांच्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते आणि आवाज वर्ष-दोन वर्षांत साधारण सप्तकभर खाली येतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच. सहावीपर्यंत काळी चार किंवा पाचमध्ये सुखाने गाणारा मुलगा आठवीत त्याच पट्टीत किंचाळतो किंवा गप्प होतो. पुष्कळ शाळांत याच टप्प्यावर मुलांना समूहगीतातून काढून टाळ्या वाजवायला उभे करतात, आणि ‘मला गाता येत नाही’ हे वाक्य कायमचे होऊन बसते. खरे तर इलाज सोपे आहेत. पेटीवर काळी एकचा सा धरावा, मुलींनी वरच्या आणि आवाज खाली उतरलेल्या मुलांनी खालच्या सप्तकात गावे, आणि चाल एका सप्तकाच्या आत राहणारी निवडावी. ज्याचा आवाज अजून फुटत असेल त्याला चार-पाच स्वरच साधतात, म्हणून भूपसारख्या पाच स्वरांच्या रागातल्या ओळी घ्याव्यात, किंवा त्याने काही दिवस नुसता सा धरून ठेवावा. हे शरीरशास्त्र विद्यार्थ्यांना समजावून सांगितले की निम्मी लाज तिथेच जाते. भूपचा आणखी एक उपयोग आहे. तीच पाच स्वरांची मांडणी चीन, जपान आणि स्कॉटलंडच्या लोकगीतांत आढळते. तेच स्वर असून गाणे भूप का वाटत नाही, हा प्रश्न वर्गात टाकला की राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, हे व्याख्येशिवाय कळते.

लयीचे शिक्षण त्या मानाने सोपे, आणि मुलांना त्याची आवडही जास्त. केरवा आणि दादरा अंगात असतातच. त्यांना नाव द्यायचे काम उरते. भजनी ठेका आणि केरवा दोन्ही आठ मात्रांचे असूनही वेगळे का भासतात, हे पखवाजावर किंवा बाकावर वाजवून दाखवावे. त्रिताल सोळा मात्रांचा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. अर्ध्या वर्गाने तो हाताने धरावा आणि उरलेल्या अर्ध्याने त्यावर दुप्पट म्हणावी. चुकत, हसत हे दहा मिनिटांत जमते. मग रूपक, ज्याची समच खालीवर पडते आणि ज्यामुळे नियम पाठ केलेले पहिल्यांदा गोंधळतात.

चित्रपटसंगीताबद्दल शाळेने भूमिका घ्यायलाच हवी. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. अभिरुची हुकमाने घडत नाही, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा सापडणार नाही. त्याआधी १९४० मध्ये पेटीवरही आकाशवाणीवर बंदी आली आणि ती तीन दशके टिकली. शाळांत मात्र पेटी होती तिथेच राहिली. म्हणून हे पुस्तक विद्यार्थी ऐकतात तेच गाणे घेऊन सुरुवात करायला सांगते: यात कोणती वाद्ये खरी आणि कोणती संगणकावर तयार झालेली, ताल कोणता, मुखडा किती वेळा येतो, पार्श्वभूमीला पट्टी कुठे बदलते. आवडीवर प्रवचन नको.

ध्वनीचे विज्ञान हा या विषयाचा दुर्लक्षित कोपरा. नववीच्या विज्ञानात ‘ध्वनीचा अभ्यास’ हा पाठ असतो, पण तो शिकवताना शेजारच्या वर्गातला तंबोरा कोणी आणत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये श्रुतींवर पुस्तक लिहिले, ते तारेची लांबी मोजून, गणित करून. तार अर्ध्यावर दाबली की वरचा सा आणि दोन-तृतीयांशावर पंचम, हा प्रयोग एका तासात होतो. त्यालाच जोडून कानाची निगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकणे कानाला धोक्याचे असते, आणि पातळी वाढली की ही मुदत झपाट्याने घटते. आपल्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंत थरथरवणाऱ्या डीजेसमोर नाचणाऱ्या मुलांना हे आकडे माहीत असणे हा संगीतशिक्षणाचाच भाग आहे.

गुणांचा मुद्दा टाळता येत नाही. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि क्लासची गर्दी काही अंशी त्यामुळे आहे. यात वाईट काही नाही, फक्त तो शाळेचा अभ्यासक्रम होऊ शकत नाही, कारण फी परवडणारे आणि क्लास जवळ असणारेच त्यात येतात. शाळेतल्या मूल्यमापनाने वर्षाच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या त्याच विद्यार्थ्याची तुलना करावी. जूनमध्ये सा धरता येत नव्हता, मार्चमध्ये येतो, एवढी नोंद पुरे.

पुस्तकाची रचना या सगळ्याला अनुसरून आहे. ते आठवी ते दहावीच्या वर्गांवरच्या कोणत्याही शिक्षकासाठी लिहिलेले आहे. संगीत न शिकलेल्या शिक्षकाला करता येतील ते पाठ आधी, आणि पेटी किंवा तबल्याचा जाणकार लागतो ते नंतर, स्वतंत्र खूण करून दिले आहेत. स्वरलेखन सर्वत्र भातखंडे पद्धतीचे असून पलुस्कर पद्धतीचा तक्ता परिशिष्टात आहे. घराण्यांचा तपशील, वाद्यांची बांधणी आणि पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन मुद्दाम बाहेर ठेवले आहे. गावातून जमा केलेली गाणी छापताना गाणाऱ्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्यावी, आणि तिने नको म्हटले तर गाणे वर्गातल्या ऐकण्यापुरतेच ठेवावे, ही अट प्रत्येक स्थानिक पाठाच्या आरंभी दिलेली आहे.